पडवीत जेवणारं कासव

तुम्ही दोघे परदेशी जायला निघालात आणि कासवाला विमानात बसू देत नाहीत हे तुमच्या बाबाला अगदी शेवटच्या आठवड्यात कळलं. म्हणून ते काचेच्या टाकीसकट, दगडासकट आणि दिव्यासकट आमच्याकडे घोडेगावजवळ राहायला आलं. तेव्हा ते बशीएवढं होतं. कानाजवळ लाल पट्टा, आणि दुपारची झोप मोडलेल्या माणसासारखा चेहरा. धाकट्याने गाडीत बसताना विचारलं, "आजी, आम्ही मे महिन्यात येईपर्यंत ते मरणार नाही ना?" मी म्हटलं, "मी असताना कसं मरेल?"

मोठ्याने सगळं समजावून ठेवलं होतं. दिवा सकाळी लावायचा, संध्याकाळी विझवायचा. पाणी गाळणारा पंप बंद ठेवायचा नाही. दगडावर चढून त्याला अंग वाळवता आलं पाहिजे. खायला डब्यातल्या तपकिरी गोळ्या. यात मला अवघड काही वाटलं नाही. विजेच्या बोर्डाला लागून सपाट जागा फक्त देवघराच्या दाराशी होती, म्हणून टाकी मी तिथे ठेवली.

मोठी आजी त्या दिवशी चतुर्थी म्हणून लेण्याद्रीला गेली होती. मोठी आजी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, गळ्यात तुळशीची माळ, वयाला न शोभणारे दणकट गुडघे. त्या संध्याकाळी घरात शिरल्या, टाकीसमोर थबकल्या आणि त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

"आगं, देवळात दगडाचं असतं. ह्ये तर जित्तं हाय!"

"पोरांचं आहे, आक्का. ती येईपर्यंत सांभाळायचं आहे."

"देवाला कुणी सांभाळतं व्हय? त्योच आपल्याला सांभाळतो."

दुसऱ्या दिवशी पाण्यात तुळशीचं पान होतं, तिसऱ्या दिवशी झेंडू. मंगळवारी पाणी गुलाबी झालेलं पाहून मी घाबरले, तर तो कुंकवाचा रंग होता. मी पाणी बदलायची आणि पंपात अडकलेल्या पाकळ्या काढायची. त्या वळल्या की पुन्हा फुलं वाहायच्या. "देवाच्या डोळ्यावर उजेड येतोय" म्हणून दिवा काढून त्यांनी तो गणपतीच्या तसबिरीवर लावला आणि टाकीभोवती गौरी-गणपतीचं जुनं मखर उभं केलं. खिडकीतून जी काही तिरीप यायची तीही गेली.

मग एकदा त्यांनी गोळ्यांचा डबा उघडून वास घेतला.

"मासळी! देवघराच्या दारात मासळी!"

डबा गोठ्यात गेला. कासवाला नैवेद्याचं ताट सुरू झालं: दूध, भात, चतुर्थीला आणि एकादशीला साबुदाणा. आमच्या घरात माळ आहे म्हणून आत मटण-मासे शिजत नाहीत हे तुम्हाला माहीत आहेच. तुमचे आजोबा नि काका, म्हणजे घरातले 'खाणारे', काय खायचं ते मागच्या पडवीत, वेगळ्या भांड्यात खातात आणि आंघोळ करूनच आत येतात. आता खुद्द देवच माळकरी झाला म्हटल्यावर मी एकटी काय बोलणार? बोलले, पण ते कुणी ऐकलं नाही.

हळूहळू शेजारच्या बायकाही दर्शनाला येऊ लागल्या. आणे गावाहून नात्यातल्या बायका लग्नाची पत्रिका घेऊन आल्या, तेव्हा पहिली अक्षत टाकीसमोर ठेवली गेली. वारा आला, पत्रिका पाण्यात पडली आणि भुकेल्या कासवाने तिचा कोपरा तोडून गिळला.

"आमंत्रण घेतलं गं देवानं!" म्हणून सगळ्या जणी रडायच्या बेतात.

आजोबा दारातून म्हणाले, "वहिनी, मग आहेराचंही त्यालाच इचारा."

मी उरलेली पत्रिका हिसकावून घेतली. पण त्या रात्री मला हसू आलं नाही. जे जनावर कागद खातं, ते उपाशी असतं.

थंडी सरत आली तेव्हा त्याने खाणंच सोडलं. मग डोळे सुजले, इतके की पापण्या उघडेनात. पाठ बोटाने दाबली तर कडेला किंचित दबायची, ओल्या पुठ्ठ्यासारखी. तुमचा फोन आला की धाकटा म्हणायचा, "दाखव ना." मी म्हणायची, "झोपलंय रे." झोपलंय हे खोटं नव्हतं. पण तेवढंच सांगून मी फोन ठेवायची.

भाजीच्या टोपलीत ओला पंचा घालून मी त्याला जनावरांच्या दवाखान्यात न्यायला निघाले. मोठी आजी चप्पल घालून आधीच दारात उभी. "देव एकला जायचा न्हाई." एसटीत कंडक्टरने विचारलं, "आजी, टोपलीत काय?"

"देव हाय."

"मग त्याचं तिकीट न्हाई," म्हणून तो पुढे गेला.

दवाखान्यात आमच्या आधी एक शेळीवाला होता. त्याने टोपलीत वाकून पाहिलं. "ह्यो दूध किती देतो वो?"

"तुझी शेळी दर्शन देती का?" मोठी आजी म्हणाली. त्याने टोपलीला हात जोडले. शेळीने मात्र पंचा चावून पाहिला.

डॉक्टर तरुण आणि सरळ होते. "बाई, माझा हात गाई-म्हशींवर बसलेला. थांबा," म्हणून त्यांनी पुण्यातल्या, अशीच लहान जनावरं पाहणाऱ्या मित्राला फोन लावला आणि त्याला फोनवरच कासव दाखवलं. मग आमच्याकडे वळून विचारलं, "खातं काय?"

मी तोंड उघडायच्या आत मोठ्या आजीने अभिमानाने सांगितलं, "दूध, भात, साबुदाणा. एक एकादस चुकवली न्हाई त्यानं."

डॉक्टरांनी फोन खाली ठेवला. "आजी, ह्याच उपासानं ते आजारी पडलंय. लहान कासवाला मासळी लागते. त्याच्या गोळ्या सुरू करा, थोडी सुकट द्या, धुऊन, मीठ काढून. आणि ऊन. काचेतून येणारं नाही, उघड्यावरचं. हाडाला नि पाठीला तेच लागतं. डोळ्यांत हे थेंब घाला."

"आन् न्हाई दिलं तर?"

"तर मे महिना बघायचं नाही."

परतीच्या एसटीत मोठी आजी टोपली मांडीवर घेऊन बसली. एरवी मंचरपर्यंतच्या माणसांची विचारपूस करणारी बाई, पण सारखा ओला पंचाच नीट करत राहिली. घर जवळ आल्यावर फक्त म्हणाली, "पोरं काय म्हणतील गं?"

संध्याकाळी त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून बोटं मोजत होत्या. "मासा पयला अवतार. कासव दुसरा. पयल्याला दुसऱ्याच्या तोंडात घालायचा म्हंजी..." पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात. आजोबांना हसू आवरेना, मी त्यांना डोळ्यांनी दटावलं. अखेर त्या उठल्या. "सुकट चालंल. धाही अवतारात सुकट कुठंच न्हाई."

"आणि गोळ्या?" मी विचारलं.

"त्यात काय वाटून घातलंय ते कुणी बघितलंय? आन गोठ्यातनं."

आठवड्याच्या बाजारात त्या स्वतः सुकट घ्यायला गेल्या. मी सोबत होते म्हणून सांगते. सुकटवाली त्यांना ओळखत होती. ती गळ्यातल्या माळेकडे आणि पुढे केलेल्या पिशवीकडे आळीपाळीने पाहत राहिली.

"आक्का, माळ कवा उतरवली?"

"माझ्यासाठी न्हाई गं. देवासाठी."

शेजारच्या दुकानातली एक बाई तराजू हातात धरूनच पुढे आली. "कुठला देव वो ह्यो? आमाला बी सांगा."

असा देव आपल्याही घरी असावा, असं बऱ्याच जणींना वाटलं असावं.

पण सुकट घरात नेणार कशी? यावर त्यांनी जो तोडगा काढला, तसा मला सुचला नसता. घरात जो नियम तुमच्या आजोबांना, तोच कासवाला. मागच्या पडवीत, जिथे सकाळचं ऊन येतं, तिथे एक जुना टब ठेवला. निम्म्यात ऊन, निम्म्यावर पोत्याची सावली. कासवाने तिथे खायचं, तिथेच दगडावर पसरायचं, मग स्वच्छ पाण्याने आंघोळ करून आत यायचं. त्याला हात लावणाऱ्यानेही साबणाने हात धुवायचे. मोठी आजी कावळ्यांसाठी आणि मांजरासाठी काठी घेऊन राखणीला बसायची. खरकटं टबात राहू लागल्यामुळे आतल्या टाकीचं पाणी नितळ झालं, पंप तुंबायचा थांबला. मखर माळ्यावर गेलं, दिवा टाकीवर परत आला. पुण्याच्या डॉक्टरांना हे कळवलं तर ते म्हणाले, "खायला वेगळा टब, हात धुणं, हेच तर आम्ही सगळ्यांना सांगतो. कुणी ऐकत नाही. तुमच्याकडे कसं जमलं?" मी म्हटलं, "आमच्याकडे जुनी पद्धत आहे."

पहिले काही दिवस त्याने सुकटीकडे तोंडही वळवलं नाही. डोळे मिटून दगडावर पडून राहायचं. मी थेंब घालायची, मोठी आजी मान धरायची आणि पुटपुटायची. देवाचं नाव घेत असतील असं मला वाटलं होतं. जवळ जाऊन ऐकलं तर म्हणत होत्या, "खा रं मुडद्या, खा. पोरं यायची हायेत."

मग एका सकाळी मी आत पोळ्या लाटत असताना पडवीतून हाक आली. मी लाटणं घेऊनच धावले. कासवाचा एक डोळा उघडा होता, बारीक फटीएवढा, आणि त्या एका डोळ्याने त्याने मोठ्या आजीच्या बोटातली सुकट हेरली, मान ताणली आणि सुकटीबरोबर बोटही धरलं.

"आगं, चावला! लई जोरात चावला!" मोठी आजी बोट धरून हसत होती आणि डोळे पुसत होती.

सुकट खाणाऱ्या देवाची बातमी पसरली तशा बायका यायच्या थांबल्या. कुंकू नाही, पत्रिका नाही. आता पाठ टणक आहे, बशीची ताटली झाली आहे. एकादशीला मात्र टबात फक्त पालक आणि मेथी असते. त्यावर मी वाद घातला, पण डॉक्टर म्हणाले की वाढत्या वयात पाला हवाच, आणि मी हरले.

तुम्ही आलात की आधी पडवीत जा. त्याला बोट दाखवू नका. मोठी आजी आता त्याला नमस्कार करत नाही. सकाळी सगळ्यांना जेवायला हाक मारते तशीच त्यालाही मारते, "चला, खाणारे भाईर!" मग आजोबा आणि कासव बाहेर जातात.