कमरेएवढा ओटा

लोणावळ्याच्या बाजारात आमचं गुडदाणीचं दुकान होतं. पुढे विक्री, मागे चुलीची खोली. मी लग्न होऊन आले तेव्हा सगळं काम जमिनीवरच चालायचं. चूल जमिनीवर, आणि गुडदाणी लाटायची काळी फरशीही जमिनीवर. गुळाच्या पाकात भाजलेले शेंगदाणे मिसळले की कढई उचलून फरशीवर ओतायची आणि गार व्हायच्या आत लाटून वड्या पाडायच्या. पाक कुणासाठी थांबत नाही. त्यामुळे जरा नीट बसावं, सावकाश उठावं, असं तिथं कुणाला सुचतच नसे. कढई मी उचलायची आणि लाटायचं सासूबाईंनी, अशी वाटणी होती.

सासूबाई आंदर मावळातल्या. लहानपण भाताच्या खाचरात वाकून गेलेलं, पुढचं आयुष्य या फरशीवर. त्यांची कंबर कायमची वाकली होती. गुडघ्यावर हात टेकून चालायच्या. केस पांढरे व्हायचे तशी बाईमाणसाची कंबर दुखायचीच, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि मलाही त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं.

दुसऱ्या मुलीच्या वेळी बाळंतपणानंतर मी लवकर कामाला लागले. थंडीचे दिवस होते, खंडाळ्याचे बंगले पाहुण्यांनी भरलेले, मागणी जोरात. एका दुपारी कढई उचलून मी फरशीकडे वळले आणि कमरेत उसण भरली. अर्धा पाक जमिनीवर सांडला. पायावर पडला नाही एवढंच नशीब. मला सरळ होता येईना, की खाली बसता येईना. ह्यांनी मला धरून खाटेवर नेलं.

मग घरचे उपाय झाले. मिठाचा शेक, एरंडाची पानं. शेजारची एक बाई पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेली होती; अशा माणसाचा पाय लागला की उसण जाते म्हणतात, म्हणून तिने माझ्या कमरेला पाय लावला. त्या दिवशी थोडं बरं वाटलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सगळे म्हणत, हलू नकोस. मी हलले नाही. आणि जितकी पडून राहिले तितकी लाकडासारखी होत गेले. तान्ही पोर रडली तरी तिला उचलून घेता येत नव्हतं. त्याचं मला दुखण्यापेक्षा जास्त लागायचं.

खंडाळ्याच्या एका बंगल्यात आजारी पारशी म्हातारीच्या सोबतीला एक नर्स होती. नगरकडची ख्रिस्ती बाई, चाळिशीची. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात जखमी शिपायांना मालिश करायचं आणि कसरत शिकवायचं काम तिने केलं होतं. हे त्या बंगल्यावर गुडदाणी पोचवायला जात. त्यांनी तिला माझी हकीकत सांगितली. रविवारी प्रार्थनेला लोणावळ्यात आली तेव्हा ती आमच्याकडे डोकावली.

तिने मला आधी कुशीवर वळून, हाताच्या रेट्याने उठायला लावलं. पाय वर करायला लावले, पाठ दाबून पाहिली आणि हाडाला काही झालं नाही म्हणाली. थोडं थोडं चालायचं, दिवसभर पडायचं नाही. उताणं पडून, गुडघे दुमडून कंबर जमिनीला टेकवायची, मग सावकाश वर उचलायची. तिने हे सगळं करून दाखवलं. नंतर चुलीची खोली बघायला मागितली आणि तिथं बराच वेळ उभी राहिली.

"ही कंबर बरी होईल," ती म्हणाली, "पण या जागी तू पुन्हा तशीच वाकलीस तर पुन्हा धरेल. चूल आणि फरशी कमरेएवढी वर घ्या. आणि ओझं अंगाजवळ धरून उचलत जा."

मी म्हटलं, कढई अंगाजवळ धरली तर पोट भाजेल. हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. मग म्हणाली, तर दोघांनी दोन कड्या धरा आणि वळताना पाय वळवा, कंबर नको.

ह्यांनी विटांचा ओटा बांधला. सासूबाईंना तो मुळीच पसंत नव्हता.

"उभ्यानं काम कराया ही काय पलटण हाय?" त्या म्हणाल्या आणि जुनी फरशी हलवू दिली नाही.

ओटाही पहिल्यांदा फसला. चूल वर गेल्यावर धूर खिडकीतून जाईना, थेट तोंडावर यायचा. तो पाडून दुसऱ्या भिंतीला पुन्हा बांधावा लागला. सासूबाई तेव्हा आपल्या जुन्या फरशीवर मुद्दाम जोरजोरात लाटत बसल्या.

मी रोज सकाळी चटईवर कसरत करायचे. त्या खाटेवरून बघत असायच्या. नर्सबाई अधूनमधून रविवारी यायची. एकदा माझं झाल्यावर ती निघाली तर सासूबाईंनी तिला थांबवलं.

"बाई, मला खाली बसून उटता येईल का? नमाजाला मी बाजंवर बसती. सजद्याला भुईला कपाळ टेकत न्हाई. बरं वाटत न्हाई ते."

इतकी वर्षं मी त्यांना खाटेवर नमाज पढताना पाहत होते. त्यांना त्याचं वाईट वाटत असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

नर्सबाई त्यांच्याजवळ बसली. "पहिल्यासारखं होईल असं मी सांगणार नाही," ती म्हणाली. "पण करून बघू."

तिने त्यांना उंच स्टुलावर बसायला आणि हात न टेकता उठायला लावलं. ते जमल्यावर बुटकं स्टूल, मग पाट. सासूबाई कुरकुरत, पण एक दिवस चुकवत नसत. पाठीचा बाक काही गेला नाही. मात्र पुढच्या रमजानात त्यांनी जमिनीवर नमाज पढली. उठताना एक हात खाटेला धरावा लागला. मी ओट्याशी गेले आणि कामाला लागले. डोळे भरून आले होते, ते मी धुरावर ढकललं.

त्यानंतर त्यांची जुनी फरशीही निघाली. उभ्याने लाटायला त्या शेवटपर्यंत तयार झाल्या नाहीत. ओट्याला उंच स्टूल लावून, त्यावर बसून लाटायच्या.

बंगल्यातली म्हातारी मुंबईला गेली, तिच्याबरोबर नर्सबाईही गेली. पुन्हा भेट झाली नाही. माझी कंबर नंतर एकदाच धरली, घरच्या लग्नाच्या गडबडीत कसरत सुटली होती तेव्हा. कसरत पुन्हा सुरू केली आणि कंबर मोकळी झाली.

मग धाकटी जाऊ घरात आली. ती बुटकी. माझ्या मापाचा ओटा तिच्या छातीपर्यंत यायचा आणि संध्याकाळी तिचे खांदे भरून यायचे. ह्यांनी तिला उभं राहायला लाकडी फळी करून दिली, तर ती तिच्यावरून दोनदा अडखळली. शेवटी तिनेच सांगितलं की तुमच्या उंचीत मला बसवू नका. तिच्यासाठी शेजारी बेताच्या उंचीचा दुसरा ओटा बांधला, आणि आम्ही दोघी आपापल्या ओट्याशी काम करू लागलो.