कानाडोळा न जमलेला माणूस

हसनचाचा खुर्चीवर बसण्याआधी ती हलवून बघत. नजमा भागातल्या आमच्या खोलीत गॅस बंद केला की बटण तीनदा चाचपत. दापोलीकडचा हा माणूस दोह्यातल्या आमच्या कंपनीत रिगर, म्हणजे क्रेनला ओझं बांधणारा, होता. मी स्टोअरमधला क्लार्क. क्रेननं लोखंड उचलायच्या तारेच्या दोरांवरून ते रोज सकाळी कापसाचा बोळा फिरवत. तुटकी तार कापूस धरते. "कापूस अडकला, दोर मेला," असं म्हणत.

एका उन्हाळ्यात एकदम तीन दोर मेले. नवे यायला महिना होता. गोऱ्या फोरमननं तपासणीचा कागद पुढे केला आणि हसत म्हणाला, "टर्न अ ब्लाइंड आय, हसन."

जेवणाच्या सुट्टीत चाचांनी मला गाठलं. "बाला, ह्याचा मतलब काय?"

"कानाडोळा करा. दिसलं तरी दिसलं नाही म्हणा आणि सही ठोका."

"खाली माणसं असतात, त्याला ठाऊक नाय?"

"ठाऊक आहे म्हणूनच सांगतोय. माहीत नसतं तर डोळा मिटायला कशाला सांगितलं असतं?"

चाचांनी घास खाली ठेवला. "शिवी दिली असती तर येवडा भेव नसता वाटला. हसत बोलला रे."

मी पेटलो. "पत्रक काढू! सगळ्यांच्या सह्या घेऊ!" त्यांनी माझं तोंडच दाबलं. आमचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत होते, आणि मागच्याच महिन्यात आवाज चढवणाऱ्या दोघांना व्हिसा रद्द करून गावी धाडलं होतं.

"तुज्या पत्रकाला आठ दिस लागतील," ते पुटपुटले. "क्रेन दोन वाजता चालू होनार."

सुट्टी संपायच्या आत त्यांनी तिन्ही दोर कटरखाली धरून मधोमध तोडले. फोरमन धावत आला. तुकड्यांपाशी उभे राहून चाचा कोरड्या ओठांनी "सॉरी सर, सॉरी सर" म्हणत राहिले. भोवती आम्ही तीसेक जण होतो. कुणी ब्र काढला नाही. मीसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांचा व्हिसा खलास. विमानतळावर न्यायला पिकअप आली. त्यांची पेटी चढवताना माझी मान वर होत नव्हती. विचारलं, "चाचा, भीती नाही वाटली?"

"वाटली तर. अजून वाटतेय." ते सावकाश आत बसले. "पन सही करून मानसांना त्या दोराखाली धाडायचा, त्याला लई हिंमत लागते, बाला. तेवडी माज्यात नाय."