आबांची लाल टोपी आणि एक पळी साखरपाणी

सात सप्टेंबर, गणेश चतुर्थी. मी गॅरेजमध्ये मोदक तळत होते. इथे अमेरिकेत, कॅरी गावात आमच्यासारखी बरीच घरं तळण गॅरेजमध्येच करतात, म्हणजे वास घरभर बसत नाही. दार वर केलेलं, शेगडी पेटलेली आणि बाजूला परातीत पूजेची एकवीस लाल जास्वंदं, तीन घरांच्या कुंड्यांमधून गोळा केलेली. उघड्या गॅरेजमध्ये ती ठेवली, ही माझी चूक. पण त्याआधी आबांबद्दल सांगायला हवं.

आबा म्हणजे शेजारच्या शलाकाचे सासरे. डोक्यावर कायम लालभडक टोपी. ती घालून ते अंगणात अर्धा-अर्धा तास खांबासारखे उभे राहत. समोरच्या बाईंनी एकदा मला काळजीने विचारलं होतं, आजोबा बरे आहेत ना? आजोबा उत्तम होते. हमिंगबर्ड, फुलातला मध पिणारा अंगठ्याएवढा पक्षी, टोपीला फूल समजून जवळ येई, कानाशी घुमे आणि आबा डोळे मिटून ऐकत. नागपूरला त्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. कानाला लावून ऐकायची सवय सुटली नव्हती.

देवाबद्दल ते बोलत ते एका कारागिराने दुसऱ्या, फार वरच्या कारागिराबद्दल बोलावं तसं. "मोर करणं सोपं आहे पोरी, जागा भरपूर. हा बघ. एवढ्याशा डबीत हृदय बसवलं, फुप्फुसं बसवली, समुद्रापारचा रस्ता बसवला, अन् झाकणाला सांधा कुठे दिसत नाही." देवघरातली पूजा ते पाच मिनिटांत उरकत. शलाका चिडवायची, "आबा, बाप्पाला इतकाच वेळ?" त्यावर ते चपला घालत म्हणत, "नमस्कार झाला. आता त्याचं काम बघायला जातो."

हात थरथरायला लागले म्हणून दुकान बंद करून ते मुलाकडे आले होते. त्या वर्षी थरथर इतकी वाढली की हमिंगबर्डसाठी अंगणात खिळ्याला टांगायच्या बाटलीत साखरपाणी कमी आणि ओट्यावर जास्त. ऑक्टोबरमध्ये ते मुलीकडे नागपूरला कायमचे जाणार होते. त्याची तक्रार नव्हती. काळजी एकच, अंगणातल्या चार बाटल्यांची. मुलगा आणि सून सकाळी सातला बाहेर पडत, त्यांच्याकडून ते होणार नव्हतं. त्या भरशील का, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. मी औषधांच्या प्रयोगशाळेत दिवसभर थेंब मोजते, हे त्यांना ठाऊक होतं.

"तुझा हात स्थिर आहे."

"हात आहे आबा, वेळ नाही."

"बरं," ते म्हणाले. "एप्रिलमध्ये येतील बिचारे समुद्र ओलांडून, अन् खिळा रिकामा दिसेल." मी विषय बदलला.

तर त्या सकाळी जास्वंदं पाहून एक हमिंगबर्ड आत शिरला. शेगडीचा धूर आणि माझा झारा बघून घाबरला आणि थेट छताला गेला. घाबरला की हा पक्षी वरच जातो. खाली अख्खं दार उघडं असलं तरी त्याला दिसत नाही. आम्ही ओढण्या हलवल्या, झाडू हलवला. तो छताला आपटत राहिला. माझी मुलगी म्हणाली, "आई, इट्स गोइंग टु डाय."

शलाकाने आबांना आणलं. त्यांनी आधी शेगडी बंद करायला लावली, मग दिवे, मग आम्हाला. "झाडू ठेवा. फुलं बाहेर न्या. बोलू नका." फुलं बाहेर गेली, पण पक्षी आला नाही. दाराच्या वरच्या पट्टीवर पंख पसरून पडला होता. शिडी लावली. आबांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि पाय खाली घेतला.

"तू चढ. पकडू नको. नुसती ओंजळ कर."

मी चढले. हातात काही आलं असं वाटलंच नाही. नुसती एक ऊब आणि तिच्या आत अखंड धडधड. आबांनी पूजेच्या ताटातली चांदीची पळी मागवली, साखरपाण्यात बुडवून मला दिली. मी ती चोचीशी धरली. बराच वेळ काहीच नाही. मग दोऱ्यासारखी जीभ बाहेर आली आणि पळीतलं पाणी हललं.

पुण्याहून व्हिडिओवर बसलेले गुरुजी फोनमधून म्हणत होते, "अहो, मुहूर्त चाललाय." आबा म्हणाले, "थांबा गुरुजी, आधीचा पाहुणा जेवतोय."

दारात जाऊन मी ओंजळ उघडली. तो क्षणभर बसला आणि मग गेला.

शलाका म्हणाली, "पळी उष्टी झाली. दुसरी काढू?"

"कोणाचं उष्टं?" आबा म्हणाले. "ज्याची पूजा, त्याच्याच हातचं ते पाखरू. हीच चालेल."

मी ती पळी धुतली. साखर चिकट असते. आबा हसले, "धू, धू. कारागिराला स्वच्छ हत्यार आवडतं."

पूजा वीस मिनिटं उशिरा झाली. आबा आता बाटल्यांबद्दल तिसऱ्यांदा विचारतील असं वाटलं होतं, पण नाही विचारलं. जाताना नुसते माझ्या हातांकडे बघून गेले.

ठरल्याप्रमाणे ते ऑक्टोबरमध्ये नागपूरला गेले आणि पुढच्या उन्हाळ्यात वारले. तोवर दर रविवारी त्यांचा फोन येई. माझी चौकशी दोन वाक्यांत आटोपायची आणि मग, "बाटल्यांवर कोण कोण आलं?" मी सांगायचे. एप्रिलमध्ये पहिला हमिंगबर्ड आला, तेव्हा तिकडे संध्याकाळ होती. कुठल्या बाटलीवर आला, ते त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन त्यांच्या ओट्याशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, सांगा, लिहून घेते. पाणी किती, साखर किती, बाटली किती दिवसांनी धुवायची. आबांनी चष्मा लावला, वही स्वतःकडे वळवून माझं अक्षर तपासलं आणि सांगायला सुरुवात केली.