वाणात गेलेला डावा पाय

मी रोबो गोळा करते. खेळण्यातले, चिनी बनावटीचे आणि त्यातही जोडाचे. जोडाचे म्हणजे पाच-सहा वेगवेगळ्या गाड्या घ्यायच्या. एकेक गाडी उलगडली की तिचा छोटा रोबो होतो, आणि हे सगळे छोटे एकमेकांत अडकवले की हातभर उंचीचा एक मोठा रोबो उभा राहतो. एक गाडी त्याचा हात, दुसरी पाय, असं. उभा राहिल्यावर तो काय करतो, असं लोक हमखास विचारतात. काही करत नाही. बोईसरमध्ये जो तो कुठेतरी पळत असतो, त्यात नुसतं उभं राहणारं कुणीतरी घरात असलं की मला बरं वाटतं.

तारापूर एमआयडीसीत बाटल्यांची झाकणं करणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. झाकण नीट बसतं की नाही हे बघायचा मला पगार मिळतो. रोबोचा हात खांद्यात नीट बसतो की नाही हे मी फुकट बघते. चाळिशी दिसायला लागली आहे आणि लग्न केलेलं नाही. या दोन्ही गोष्टींचा रोबोंशी संबंध लावणारे लोक मला भेटतात. त्यांच्याकडे मी त्यांच्या शोकेसमधल्या काचेच्या हंसांची चौकशी करते, मग ते विषय बदलतात.

माझा एक नियम आहे. जोडाचे सगळे भाग हातात आल्याशिवाय एकही खोका उघडायचा नाही. नुसता एक हात घरी आणून त्याच्याशी काय बोलायचं? गेल्या साली मागवलेला एक संच सहा गाड्यांचा होता, सगळ्या बांधकामावरच्या आणि सगळ्या पोपटी. डंपर उजवा पाय, बुलडोझर डावा पाय, मिक्सर एक हात, जेसीबी दुसरा हात, रोड रोलर कंबर. सहावी क्रेन. तिच्यात छाती आणि डोकं. विकणाऱ्यानं पाच पाठवले आणि क्रेन मागाहून येईल असं कळवलं. बाहेर पालघरपर्यंत रस्त्यांवर खऱ्या डंपरांनी धूळ उडवून जीव नकोसा केला होता आणि मी घरात बसून एका क्रेनची वाट बघत होते. पाचही खोके साधे, तपकिरी पुठ्ठ्याचे, वर चित्र नाही की नाव नाही. मी ते कपाटाच्या खालच्या कप्प्यात ओळीनं लावून ठेवले.

त्याच कपाटाच्या वरच्या, काचेच्या कप्प्यात जुने रोबो उभे असतात. आई त्यांना ‘तुझी माणसं’ म्हणते. कधीतरी ओल्या फडक्यानं त्यांची तोंडं पुसते.

आईचं सांगायला हवं. वडील गेल्यावर मी तिला साताऱ्याकडच्या गावाहून कुंभवलीला आमच्या बिल्डिंगमध्ये घेऊन आले. गावात तिला हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं होतं. कुणी वाईट बोलत नव्हतं, फक्त तिच्या दारावरून पुढच्या दारी जात. इथे आल्यावर पहिल्या संक्रांतीला जिन्यात बायकांची ये-जा सुरू झाली तशी तिनं आतून कडी घातली आणि टीव्हीचा आवाज बारीक केला. आपल्या दाराशी कुणी घुटमळायला नको, कुणाला अवघडायला नको, एवढंच तिच्या मनात होतं. मी म्हटलं, तू काय चोरी केली आहेस? ती म्हणाली, भाजी कुठली करू?

शेजारच्या काकू चिंचणीच्या बाजूच्या, वाडीतल्या. माहेरी चिकूची झाडं, बोलायला मोकळ्या. पुढची संक्रांत जवळ आली तेव्हा त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून सांगून टाकलं, “काकी, यंदा तुमी करा हळदीकुंकू. आमच्याकडं तसलं कोन बगत नाय. मी येते, चार जनींना घेऊन येते.”

आई माझ्याकडे बघायला लागली. तिला हो म्हणायचं होतं आणि माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मला एकदम राग आला, कुणाचा ते सांगता येणार नाही. “कर की,” मी म्हटलं. “वाणाचं मी बघते.”

वाण म्हणजे आलेल्या बायकांना द्यायची वस्तू. सगळ्यांना सारखी द्यायची. हल्ली प्लॅस्टिकचे डबे, गाळण्या, साबण ठेवायच्या जाळ्या देतात. बहुतेक माल चीनचाच असतो. मी वाणाचं बघते म्हटलं आणि कंपनीत ऑडिट लागलं, आणि मी ते साफ विसरले.

हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी कुरियरवाल्याचा फोन आला की क्रेन आली आहे. आमच्या बिल्डिंगपर्यंत यायला तो कधीच तयार नसतो, म्हणून कंपनीच्या बसमधून मधेच उतरून मी त्याच्या दुकानात गेले. खोका मांडीवर घेऊन शेअर रिक्षात बसले. इतका आनंद मला बढतीचा झाला नव्हता. जेवण झालं की सहाही खोके उघडायचे, हे ठरवून टाकलं होतं.

जिन्यात शेजारच्या काकू उतरताना भेटल्या. कपाळ हळदीकुंकवानं भरलेलं, एका हातात तिळगूळ, दुसऱ्या हातात माझा उजवा पाय.

“लय भारी वाण दिलं गं काकींनी,” त्या म्हणाल्या. “डबे ठेवायला आता जागा नाय घरात. हा डंपर नातवाला व्हईल.”

त्यांच्या मागून पहिल्या मजल्यावरच्या दोघी जावा आल्या, हातांत माझे दोन्ही हात. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका बाईंनी रोड रोलर पर्समध्ये ठेवला होता, त्याचं एक चाक बाहेर दिसत होतं. शेवटी तळमजल्यावरच्या भाभी. त्यांचं कुटुंब उत्तर प्रदेशातून नुकतंच आलेलं, नवरा कापडाच्या कारखान्यात. त्यांनी बुलडोझर पदराखाली झाकून दोन्ही हातांनी धरला होता. मी सगळ्यांना हसून वाट दिली. माझ्या काखेत क्रेन होती.

आत आई आरशासमोर उभी होती. काकूंनी तिलाही कुंकू लावलं होतं. ती ते पुसत नव्हती, नुसती बघत होती.

“सगळ्या आल्या गं,” ती म्हणाली. “एकीनं नाही म्हटलं नाही. मला वाटलं होतं, दोघी तरी काहीतरी निमित्त सांगतील.” मग म्हणाली, “वाण बाई छान आणलंस. आधी मला वाटलं तुझी माणसंच असतील, म्हणून एक उघडून बघितलं. तर गाडी निघाली, मग सगळेच उघडले. पाच सवाष्णी, पाच गाड्या. माझ्या लेकीला आठवण राहिली म्हटलं.”

तिचं काय चुकलं? तिच्या लेखी माझा शौक माणसांचा होता. गाडीचं माणूस होतं हे मी तिला कधी दाखवलंच नव्हतं, कारण मी ते दार लावून करायचे. मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि भांडी घासली. ती आधीच घासलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी बोईसरच्या बाजारातून स्टीलच्या वाट्या आणल्या. बेत सोपा होता. घरोघर जायचं, चुकून दुसरंच वाण दिलं गेलं म्हणायचं, वाटी द्यायची, गाडी घ्यायची. बायकांना वाटी जास्त आवडली असती, याबद्दल मला शंका नव्हती. पण याचा अर्थ, आईनं इतक्या वर्षांनी केलेलं पहिलं हळदीकुंकू चुकलं, असा झाला असता. ते बिल्डिंगभर झालं असतं आणि पुढच्या संक्रांतीला आईनं पुन्हा कडी घातली असती. वाट्या मी माळ्यावर टाकल्या.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. खोटं कशाला बोलू, मला रडू यायचं. जिन्यातून जाताना शेजारच्या खिडकीत डंपर दिसायचा, त्याच्या हौद्यात कपड्यांचे चिमटे. पहिल्या मजल्यावर मिक्सर आणि जेसीबी यांची दारातच टक्कर चाललेली असायची. मी क्वालिटीची बाई, मला लांबूनसुद्धा ओरखडे दिसतात.

रविवारी मी नियम मोडून क्रेन उघडली. छाती उलगडली, आतून डोकं वर काढलं आणि टेबलावर ठेवलं. शेजारी त्याची माहितीपुस्तिका होती, तिच्या मधल्या पानावर पूर्ण रोबोचं मोठं चित्र. आई समोर मटार सोलत बसली होती. तिनं चष्मा लावला.

“हा डंपर,” ती म्हणाली.

“हा मिक्सर. हे चाक त्या बाईंच्या पर्समधलं.” बोट चित्रावरून खाली खाली जात डाव्या पायाशी थांबलं. मग तिनं टेबलावरच्या छातीकडे आणि तिच्यातून वर आलेल्या डोक्याकडे बघितलं. “म्हणजे हे पण माणूसच होतं होय?”

“असू दे,” मी म्हटलं.

“किती दिवस वाट बघत होतीस?”

“असू दे म्हटलं ना आई. वाण दिलेलं परत मागत नाहीत.”

ती पुन्हा मटार सोलायला लागली. मला वाटलं, विषय संपला.

सोमवारी मी कामावरून आले तर टेबलावर चार गाड्या उभ्या होत्या. डंपरच्या हौद्यात तिळाच्या वड्या. जेसीबीच्या पंजात हलव्याचे दाणे. मिक्सरच्या गळ्याला रबर बँडनं अडकवलेली शेंगदाण्याच्या चटणीची पुडी. रोड रोलरला काही भरायला जागा नाही, म्हणून शिक्षिका बाईंनी त्याच्या टपावर चिकटपट्टीनं गजरा चिकटवला होता. भांडं रिकामं परत पाठवायचं नाही, ही आपल्याकडची रीत. तिच्यात खेळणी बसतात हे त्या दिवशी कळलं.

“मागितलंस?” मी विचारलं.

“मागितलं.”

“काय सांगून?”

“खरं ते. माझ्या मुलीचं खेळणं आहे म्हटलं. तिला खेळायचा नाद आहे, ती वाट बघत होती, मी न विचारता देऊन टाकलं.” ती पदरानं चष्मा पुसत होती. “शिक्षिका बाईंनी विचारलं, तुमची मोठी मुलगी? मी म्हटलं, मला एकच आहे.”

हीच बाई गावाकडून फोन आला की मी खोल्या भरून माणसं हाताखाली असणारी साहेबीण आहे असं सांगते. पाहुणे आले की काचेच्या कप्प्यावर टॉवेल टाकते. ती चार दारांत उभी राहून हे बोलून आली होती. मी वडी खाल्ली.

“काकू काय म्हणाल्या?”

“पोरीचं हाय तर आदी बोलायचं, म्हणाल्या. आणि जोडल्यावर बघायला बोलवा म्हणाल्या.”

“आणि बुलडोझर?”

“तिथे गेले होते. पण बाई, तिनं तो देवघरात ठेवलाय. गणपतीच्या शेजारी. वर हळदीकुंकू, पुढे उदबत्ती. मला म्हणाली, यहाँ आकर पहली बार किसी ने घर बुलाया, शगुन दिया. आता देवापुढचं कसं उचलून आणू? मी चहा पिऊन आले.”

त्या संध्याकाळी मी रोबो जोडला. डाव्या पायाच्या जागी माळ्यावरच्या वाट्या काढून एकावर एक पालथ्या ठेवल्या, उंची बरोबर आली. शेजारच्या काकू, दोघी जावा, शिक्षिका बाई येऊन बघून गेल्या. काकूंनी त्याच्याभोवती एक फेरी मारली.

“आनि हा करतो काय?”

“उभा राहतो,” आईनं मधेच सांगितलं. तिनं ते इतकं ठणकावून सांगितलं की पुढे कुणी काही विचारलं नाही.

मला पाय हवाच होता. सुटा डावा पाय विकायला आहे का, हे मी फोनवर शोधलं. होता. रोज बघायचे आणि ठेवून द्यायचे. तो माझा पाय नव्हता. माझा तळमजल्यावर होता आणि त्याला रोज उदबत्ती मिळत होती. भाभींना कुणीच काही सांगितलं नव्हतं. बिल्डिंगमधली एकही गोष्ट आमच्याकडे दुपारपर्यंत टिकत नाही, पण ही टिकली. चौघींनी ती आपसांत दाबून धरली होती.

रथसप्तमीला भाभींनी हळदीकुंकू केलं. बिल्डिंगमधल्या बायकांचं बघून त्यांनी सगळी तयारी केली होती, फक्त तिळगुळाऐवजी पेढे होते. आईला बोलावलं आणि मलाही. आई सर्वांत आधी तयार झाली. मी कुणाच्या हळदीकुंकवाला जात नाही, पण त्या दिवशी गेले. खरं तर पाय बघायलाच गेले.

खोली एवढीशी. देवघर म्हणजे भिंतीला लावलेली फळी. गणपती, देवी आणि त्यांच्यामध्ये पोपटी बुलडोझर, टपावर कुंकवाचा टिळा. फळी पुसता पुसता कधीतरी त्याचा मागचा भाग उलगडला होता आणि आतला सांधा अर्धा बाहेर आला होता. कंबरेत अडकतो तो सांधा. असाच उचलला असता तर घरी नेऊन एका खटक्यात बसला असता. मी नमस्काराला वाकले आणि तिथेच थांबले.

“टूट गया क्या, दीदी?” भाभी मागून म्हणाल्या. त्यांचा आवाज खरोखर घाबरलेला होता. “मैंने तो संभालकर रखा था.”

आई माझ्याकडे बघत होती. शेजारच्या काकू छताकडे.

“नाही, टूटा नहीं,” मी म्हटलं. बुलडोझर हातात घेतला, सांधा आत ढकलला, वर झाकण बसवलं, चारही चाकं जमिनीला टेकतात का ते बघितलं. टेकत होती. मग तो गणपतीच्या शेजारी परत ठेवला, तोंड खोलीकडे करून.