दोन्हीकडे दहा नंबर

लग्नात माझं नाव बदललं तेव्हा मला राग आला नव्हता, हे आधीच कबूल करते. राग आला नऊ वर्षांनी, तोही कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये, वजनकाट्याच्या खोलीत बसून चहा पिताना.

मी राणीसावरगावची, दिली गंगाखेडला. नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव लिहिलं, बायकांनी वाकून वाकून वाचलं, पेढे वाटले आणि मी त्या नावाची झाले. नाव छान होतं. सासूबाईंनी निवडलेलं. फक्त पहिले काही महिने कुणी हाक मारली की मी ढिम्म. त्या स्वयंपाकघरातून घसा ताणून हाका मारतायत आणि मी ओसरीवर लॅपटॉप घेऊन खुशाल बसलेली. "बहिरी हाय का भाव खायलीय ही?" असं त्यांनी शेजारणीला विचारलेलं मी ह्याच कानांनी ऐकलंय. मग झाली सवय.

मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. लोकांच्या ऑफिसातले, कारखान्यातले कॉम्प्युटर आणि क्लाउडवरचे सर्व्हर एकमेकांना जोडून द्यायचे. क्लाउड म्हणजे ढगबिग काही नाही, कुठल्या तरी लांबच्या शहरातल्या इमारतीत ठेवलेली दुसऱ्याची यंत्रं, त्यातला आपल्यापुरता हिस्सा. सासूबाई पाहुण्यांना सांगतात, "ती तारा जोडती." तारा नसतात, पण मी दुरुस्त करायला जात नाही.

दिवाळीनंतर दिराचं लग्न ठरलं. मुलगी परभणीची, शाळेत शिकवणारी, बोलायला मोकळी. तिचं जन्मापासूनचं नाव आणि माझं सासरचं नाव एकच निघालं. (ते इथं लिहीत नाही. आमच्या घरात त्यावरून पुरेसं झालंय.) पण कुणी फिकीर केली नाही, कारण लग्नात बदलायचंच होतं. सासूबाईंनी ते काम माझ्यावरच टाकलं.

"तू शिकलेली हाईस. एक चांगलं नाव काढून ठेव. एका घरात एका नावाच्या दोघी कशा चालतील? हाक मारली की दोघी पळत येतील."

मी हो म्हणाले. वहीच्या मागच्या पानावर चार नावं लिहूनसुद्धा काढली.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीचा फोन. "ताई, राग मानू नका, पण माझं नाव नका बदलू. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, आईला विचार. आईंना विचारायची हिंमत होत नाही मला. तुम्हीच बघा ना काहीतरी." जरा थांबून तिनं विचारलं, "तुम्हाला सवय व्हायला किती दिवस लागले?"

"आठ दिवस," मी धडधडीत खोटं बोलले.

"मला नाही व्हायची," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. फोन ठेवल्यावर मला तिचाच राग आला. आम्ही नाही का बदललं? हिच्याच नावाला काय सोनं लागलंय? एवढी मी शहाणी.

लग्न पंधरा दिवसांवर आलं आणि मला देवगाव फाट्याच्या पुढच्या त्या जिनिंगला जावं लागलं. तिथल्या काट्यावर कापसाची गाडी उभी राहिली की वजन थेट क्लाउडवरच्या सर्व्हरला पोचलं पाहिजे, असं ते काम. घरी बसून मी सगळं जोडलं होतं. दोन्ही टोकांना हिरवा दिवा. तरी एकही वजन पोचत नव्हतं. फोनवर दोन दिवस डोकं फोडून घेतलं, मग सकाळची एसटी धरली.

काट्याच्या खोलीत एक काका बसतात. केसांत, भुवयांत कापसाचे तंतू, चष्म्याला दोरी. त्यांच्या डोक्यावर भिंतीला एक पत्र्याचा डबा, काट्याचं वजन कॉम्प्युटरला सांगणारा. डब्यावर पांढऱ्या पेंटनं ठसठशीत आकडा लिहिलेला, १०.

तो आकडा बघितला आणि मी कपाळावर हात मारला.

नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्राला नंबर असतो, घराला असतो तसा. जिनिंगमधल्या डब्याचा नंबर दहा, आणि पुण्याहून आम्ही क्लाउडवर मांडलेल्या सर्व्हरचाही नंबर दहा, गल्लीही, म्हणजे नंबरांचा पट्टाही, तीच. सगळेच जण तीच नेहमीची गल्ली वापरतात, आम्हीही तीच टाकून मोकळे झालो होतो. म्हणजे सर्व्हर विचारायचा, दहा नंबर, वजन किती? आणि दहा नंबर तर तो स्वतःच! निरोप दाराबाहेर पडतच नव्हता. ही गोष्ट पहिल्या दिवशी तपासायची असते. मी तपासली नव्हती. डोक्यात लग्नाची यादी होती.

मी पुण्याला आमच्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "त्यांचे नंबर बदलून टाका. आपलं सगळं मांडून झालंय, आता कोण उचकटणार?" मला ते पटलंसुद्धा. मी काकांना म्हणाले, "काका, ह्या डब्याचा नंबर बदलावा लागेल."

"बदलत न्हाई तो, बाई. बनवणाऱ्यानं आतमदीच पक्का करून ठेवलाय. अन् ती कंपनी बंद पडून जमाना झाला." काकांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "तुमच्या तिकडच्या मशीनला हा नंबर कुणी दिला?"

"आम्हीच."

"कधी?"

"मागच्या सोमवारी."

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "मग ज्याला तुमी दिलाय त्याचा काढा की. ह्याचा जन्माचा हाय."

मी हो म्हणाले आणि कप हातात धरून बसून राहिले. बाहेर कापसाची गाडी हॉर्न वाजवत होती. नऊ वर्षांत इतका सरळ हिशेब माझ्यासमोर कुणी मांडला नव्हता, आणि मीही कुणासमोर मांडला नव्हता. माझं नाव मला दिलेलं. त्या पोरीचं जन्माचं. आणि वहीच्या मागच्या पानावर तिच्यासाठी चार नावं काढून ठेवली होती कुणी? मीच. असा संताप आला स्वतःचा, की चहा गोड होता का फिका तेही कळलं नाही.

साहेबांचा परत फोन आला. मध्ये भाषांतर बसवू म्हणाले. म्हणजे डबा आपल्या घरी दहाच राहील, पण सर्व्हरच्या बाजूला त्याला वेगळ्याच नंबरानं ओळखायचं. चालतं ते, मी कितीदा केलंय. पण मग कुठल्या दारात कोण कुणाला काय म्हणतं, हे कुणाला तरी जन्मभर लक्षात ठेवावं लागतं. माझं तेच चाललंय. माहेरी एक नाव, सासरी एक, आणि आधारकार्ड दाखवायची वेळ आली की घाम. "नको," मी म्हणाले, "आपलंच बदलते." साहेब हैराण. पण चूक माझी होती, निस्तरणारही मीच होते, म्हणून "बघा बुवा" म्हणत त्यांनी फोन ठेवला.

तिथंच बसून क्लाउडवर नवी गल्ली आखली. जुनं यंत्र मोडलं, त्याचीच डिस्क नव्या गल्लीतल्या यंत्राला लावली. आतलं सगळं तसंच, फक्त पत्ता नवा. दुपारी एक टेम्पो काट्यावर चढला आणि त्याचं वजन सर्व्हरवर उमटलं.

"आलं का?" काका.

"आलं!" मी जवळजवळ ओरडलेच. जीव भांड्यात पडला.

घरी आले तेव्हा सासूबाई मेथी निवडत होत्या. मी चप्पल काढता काढताच बोलून टाकलं, नाही तर धीर गेला असता. "आई, तिचं नाव तेच राहू द्या. दोघी नको असतील तर माझं बदला. माझं आधीचं मला परत द्या."

त्यांच्या हातातली जुडी तशीच राहिली. "म्या ठेवलेलं आवडलं न्हाई व्हय तुला? नऊ वर्सांनी सांगायलीस?"

मला वाटलं होतं त्या भांडतील. त्या भांडल्या नाहीत, त्यांना लागलं. लय वाईट वाटलं मला. त्यांनी ते नाव हौसेनं शोधलं होतं, हे मला ठाऊक होतं. पण मी शब्द मागं घेतला नाही. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. नवरा म्हणाला, "मी तर तुला 'अगं'च म्हणतो, मला काय फरक पडतो?" त्याच्यापुढं मी हात टेकले.

तिसऱ्या दिवशी ताट वाढताना सासूबाईंनी खाली बघूनच विचारलं, "तुझं ते आधीचं नाव काय व्हतं गं? मी इसरलेच बघ."

मी सांगितलं. त्यांनी ते एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं आणि आमटी वाढली.

लग्नात दिरानं तांदळात नाव लिहिलं. बायका वाकल्या, एकमेकींकडं बघायला लागल्या. आत्याबाई म्हणाल्या, "अगं, हे तर पोरीचं आधीचंच!"

"तेच हाय," सासूबाई म्हणाल्या. "तेच ठेवायलोत आमी." त्या मुलीनं मान खाली घातली, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी टपकन त्या तांदळात पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर लॅपटॉप उघडून बसले होते. आतून सासूबाईंनी हाक मारली. नवी जाऊ "आले, आई" म्हणत गेली. थोड्या वेळानं त्यांनी दुसऱ्या नावानं हाक मारली. परत मारली. मी मान वर करून फाटकाकडं बघितलं, एवढ्या सकाळी कोण आलंय म्हणून.

जाऊ दारात आली. "ताई, आई तुम्हाला बोलवायल्यात."

आणि तिच्या मागून सासूबाईंचा आवाज आला, "परत बहिरी झाली का काय ही?"