इंकांच्या गाठी

इंका लोकांवरचं मी केलेलं पुस्तक काडेपेटीएवढं होतं, आणि ते एवढंसं असण्यात कलाबिला काही नव्हती. आई साड्यांचे लोंबते धागे कापायचं काम घरी आणायची. त्या साड्यांच्या घडीतल्या पुठ्ठ्याचे फाटके तुकडे तेवढे आमच्या वाट्याला यायचे.

नव्वदच्या दशकातलं उधना, गुजराती मुलखातली यंत्रमागांची वस्ती. मी सातवीत, मराठी शाळेत. शाळांच्या प्रदर्शनात ज्याची स्वतः केलेली वस्तू पहिली येईल, त्याला गांधीनगरला नेणार होते. मला गांधीनगरला जायचंच होतं.

शाळेच्या कपाटातल्या जुन्या ज्ञानकोशात इंकांवर दोन पानं होती. डोंगरातलं एवढं मोठं राज्य, पण लिपी नाही. दोऱ्यांना गाठी मारून सगळी नोंद ठेवायचे. हे घरी सांगितलं तेव्हा वडील हसले.

"मंग आम्हीबी इंकाच शेतस," ते म्हणाले. अंगठेबहाद्दर माणूस, पण लूमवर तुटलेली तार, म्हणजे धागा, बारीक गाठ मारून चालता चालता सांधायचे. "आन आठे, मी बांधी देस."

पुस्तकाच्या पाठीला त्यांनी रंगीत तारा लावल्या आणि त्यांवर मोहरीहून बारीक गाठी मारल्या.

"कुणी विचारलं तर सगळं मीच केलं म्हणायचं," शाळेतल्या बाईंनी बजावलं. म्हणून पहिल्या पानावर फक्त माझं नाव घातलं.

प्रदर्शनात शेजारी दुकानातून करवून आणलेला थर्माकोलचा किल्ला होता. तो कुणी केला, हे कुणी विचारलं नाही. माझ्यापाशी परीक्षक थांबले, नखाने गाठ ओढून पाहिली. ती हलली नाही.

"आ गांठ कोणे बांधी?"

"में," मी म्हणाले. रातपाळी करून तसेच आलेले वडील दोन हात अंतरावर उभे होते, केसांत धाग्यांचा भुसा.

परीक्षकांनी एक तार काढून दिली. "तो एक बांधीने बताव."

दोनदा गाठ निसटली. वडिलांची बोटं आपोआप हलत होती. मी ती पाहिली आणि नजर वळवली. ह्यांनी बांधल्यात, एवढं सांगायला काय जात होतं माझं!

"खोटुं नहीं बोलवानुं," म्हणत परीक्षकांनी पुस्तक पालथं ठेवलं. गांधीनगरला किल्ला गेला.

त्या माणसाचा मला अजून राग येतो, बाईंचाही येतो. पण घरी जाताना वडील म्हणाले, "चाल, तुले शिकाडी देस. दोन मिनिटनं काम शे." आणि मी घरातली अहिराणी सोडून मुद्दाम शाळेतल्या मराठीत फणकारले, "नको. कुणी सांगितलं होतं एवढ्या बारीक मारायला?"

ते पुन्हा कधी शिकवतो म्हणाले नाहीत, आणि मीही कधी विचारलं नाही.

आता ते नाहीत. पुस्तकाची खळ सुटली, पुठ्ठा पिवळा पडला. गाठी तशाच आहेत. मागच्या वर्षी पहिल्या पानावर माझ्या नावाच्या वर त्यांचं नाव लिहिलं. काय उपयोग? ते त्यांना वाचता आलं नसतं. एक गाठ मारून दाखवली असती तर त्यांना कळलं असतं, आणि ती मला अजून येत नाही.