हजेरीपत्रकातून गायब झालेले दिवस

कुपवाडात कारखान्यांच्या रस्त्याला आमचं जॉब-टायपिंगचं दुकान होतं. आमचं म्हणजे माझं आणि माझ्या शेजारणीचं, निम्मं निम्मं. मी टाइपरायटर बडवून बडवून शिकलेली. कॉम्प्युटर सगळा तिच्याकडं. ती गेली तर दुकानाला कुलूप, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यात तिच्या दिरानं मिरजेत कॉम्प्युटरचं दुकान काढायचं ठरवलं. तेव्हापासून ती जरा बाहेर गेली तरी माझा जीव खालीवर व्हायचा, खोटं कशाला सांगू?

त्या वर्षी दसरा झाला आणि मी चार दिवस साताऱ्याला लेकीकडं गेले. येऊन बघते तर कॉम्प्युटरचं रूपच बदललेलं. मेकॅनिकनं नवी सिस्टीम टाकली होती. दिसायला झकास! पण कारखान्याचं हजेरीपत्रक छापायला घेतलं तर महिना सतरा तारखेलाच संपला. आमचा प्रिंटर चांगला रुंद, एकतीस दिवस एका ओळीत बसायचे. आधी लांब कागद, ठळक अक्षर, घाईत छापायचं फिकट अक्षर, सगळं निवडता यायचं. आता यादीत नुसता साधा कागद.

"गेलं कुठं गं सगळं?"

"नवी सिस्टीम आपल्या प्रिंटरला वळखत न्हाई, वैनी. दुसराच कुठला तरी समजून चालवतीया. दोन दिस थांबा, हुईल."

हे सांगताना ती माझ्याकडं बघेना. प्रिंटरबरोबर आलेली फ्लॉपी घातली की तो ओळखू येतो, एवढं मलाही माहीत होतं. प्रिंटरचं खोकं उघडलं, तर फ्लॉपी नाही. दिरानं असलाच प्रिंटर घेतलाय हे तिच्याच तोंडून ऐकलेलं. झालं, माझ्या डोक्यात सगळं जुळलं.

मग मी पाळतच ठेवली म्हणा ना. ती सारखी एसटीडी बूथवर जायची. एकदा मागनं गेले, तर हळू आवाजात चाललेलं, "कवा पाठवताय? त्यांना कळायच्या आत पायजे." ती पाणी आणायला गेली तेव्हा मी तिची पिशवी उचकली. डबा, छत्री, अर्धवट विणलेला स्वेटर. बाकी काही नाही. पण काही न सापडल्यानं माझा संशय आणखीच वाढला.

पहिली तारीख दोन दिवसांवर आली, कारखान्याचा माणूस दोनदा विचारून गेला, आणि माझ्या तोंडून निघालंच, "फ्लॉपी पोचली का मिरजेला?"

ती उठली. कपाटातून वर्तमानपत्राची पुडी काढून तिनं माझ्यापुढं ठेवली. आत फ्लॉपी. खंडेनवमीला मशीनची पूजा मीच केली होती. फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण सरकवून मी आतसुद्धा हळदकुंकू लावलं होतं, मोठ्या भक्तीनं.

"मशीनला वाचता येईना ती. मेकॅनिक हसाय लागला, तवा म्या सांगितलं माझ्याच हातनं झालं. पुण्यासनं दुसरी मागवलीया. तुमाला वाईट वाटंल म्हून बोलले न्हाई."

"अगं, मग मला..."

"तुमी मला चोर म्हणालात, वैनी."

"चोर कधी म्हटलं मी?"

"मग लोकरीचा गुंता कुणी केला? उंदरानं?"

पिशवी उचकताना लोकर विस्कटली होती, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पार्सल आलं. तिनं फ्लॉपी घातली, यादीत आमच्या प्रिंटरचं नाव आलं, ते निवडलं, आणि लांब कागद परत दिसायला लागला. एकतीसच्या एकतीस दिवस छापून कारखान्याला गेले. मी दोन चहा सांगितले. ती प्यायली.

मिरजेला ती गेली नाही. पुढं कितीतरी वर्षं आम्ही दुकान चालवलं. पण रोज संध्याकाळी निघताना ती पिशवी माझ्या टेबलावर उघडी धरायची. "बघून घ्या, वैनी." मला वाटायचं, चेष्टा करतेय. मी हसायची. ती मात्र मी आत नजर टाकेपर्यंत तशीच उभी राहायची.